सत्कारानंतर

गोवंडीच्या विहारात सम्यकचा सत्कार ठेवला होता. वस्तीतून परदेशी नोकरीला गेलेला तो पहिलाच. तीन वर्षांनी रॉटरडॅमहून घरी आला होता, आणि त्याचा बाप खंडू, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, सकाळपासून खुर्च्या लावत होता.

माइक हातात आल्यावर सम्यकनं लोकांना हवं तेच सांगितलं. अभ्यास करा, इंग्रजीला घाबरू नका. टाळ्या पडल्या. आईनं पदरानं डोळे पुसले. त्याला मात्र लाउडस्पीकरमधला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. घरी गेलं की हे जाईल, एवढ्याच आशेवर त्यानं तिकीट काढलं होतं. आता समोर सगळी ओळखीची माणसं बसली होती, आणि रॉटरडॅमच्या खोलीत वाटायचं तेच इथेही वाटत होतं.

निघताना आई बायकांत मागे राहिली. बापलेक पुढे चालू लागले. सत्काराची शाल खंडूनं स्वतःच्या खांद्यावर टाकली होती.

"झकास बोललास," तो म्हणाला. "सगळे विचारत होते, साहेब खूश आहे का तुझ्यावर."

"पप्पा, मी चार महिने ऑफिसला गेलेलो नाही."

खंडू थांबला. "काढून टाकलं?"

"नाही. आजारपणाची रजा आहे. डॉक्टरनं दिलीय. डिप्रेशन आहे मला."

"म्हणजे टेन्शन?"

"टेन्शन नाही. सकाळी उठवत नाही. आंघोळ करवत नाही. कुणाशी बोलवत नाही."

"फोनवर तर हसायचास."

"तेवढंच जमायचं. फोन ठेवला की परत झोपायचो."

बोलता बोलता सम्यकला रडू फुटलं. मागून विहारातली माणसं येत होती. खंडूला काय करावं सुचेना. तो रस्त्याकडे पाठ करून मुलाच्या पुढ्यात उभा राहिला, कुणाला दिसू नये म्हणून. कुणी जयभीम केला की मान न वळवता नुसता हात वर करायचा.

"गोळ्या पुरतील एवढ्या आणल्यास ना?" त्यानं विचारलं.

"आणल्यात."

"जाऊ नको परत. इथेच बघू काहीतरी."

"इथेही तसंच वाटतंय, पप्पा."

घरी गेल्यावर खंडूनंच बायकोला सांगितलं, त्याला जेवढं कळलं होतं तेवढं. ती सम्यकच्या शेजारी येऊन बसली.

पंधरवड्यानं सम्यक परत गेला. उपचार तिकडे चालू होते. पुढे अर्धा दिवस काम करू लागला. वाईट दिवस अजून येतात. व्हिडिओ कॉलवर खंडू आता "मजेत ना?" असं विचारत नाही. "आज उठलास का?" एवढंच विचारतो. सम्यक कधी कधी "नाही" म्हणतो. मग फोन चालूच ठेवून दोघं थोडा वेळ तसेच बसून राहतात.