कोणतं घराणं

मी चौथी पास. तरी डॉक्टरांसमोर लेकीनं तोंड उघडायच्या आत उत्तर मीच दिलं.

अस्मिता तेव्हा तेहतीस वर्षांची, हिंजवडीत कंपनीत नोकरीला. छातीत सुपारीएवढी गाठ. घराण्यात कुणाला कॅन्सर होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या सासूबाई ब्याण्णव वर्षं जगल्या, गेल्या तेव्हा दातसुद्धा शाबूत होते. आमच्या घराण्यात असलं काही नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. नुसती गाठ काढली, विजेचे शेक दिले. छाती वाचली म्हणून मी वारज्याच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

खोटं बोलले नव्हते. लग्न झाल्यावर बाईचं घराणं कोणतं? सासरचं. लोणी काळभोरला जे झालं ते माहेरचं, ते भावाच्या घराण्यात मोजायचं.

सहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला गाठ आली. कळेपर्यंत रोग हाडांत उतरला होता. या खेपेची डॉक्टरीण पोरसवदा. हिला काय कळतंय, असं मनात आलं. तिनं कोरा कागद ओढला नि विचारलं, "आजी, तुमची आई कशानं गेली?"

चाळीस वर्षांत माझ्या आईचं मला कुणी विचारलं नव्हतं. पोटात पाणी झालं होतं, मी म्हटलं. आणि बहीण? मैना चौतिसाव्या वर्षी गेली, छाती चिघळून. डॉक्टरीण कागदावर एकेका बाईचा गोल काढून काळा करत राहिली. मग आम्हा दोघींचं रक्त तपासलं. दोष माझ्याकडूनच उतरलेला. आधी कळलं असतं तर दोन्हीकडची छाती आणि अंडाशय वेळेत काढता आले असते, म्हणाली. आता औषधांवर दिवस ढकलायचे.

रिक्षात अस्मिता म्हणाली, "मावशीचं कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

जीभच मेली तशी. ती नुसती हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिनं आपल्या लेकीची, उत्कर्षाची, शाळेची वही माझ्यापुढे टाकली. "लिही. उद्या हिला कुणी विचारलं, तर आजोळ आधी सांगता आलं पाहिजे."

मी लिहिलं. माझी आई चंद्रभागा, पोट. मैना, छाती. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं.

अस्मितानं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलं.