फिंच स्ट्रीटचा कोपरा

"नाव आणि पत्ता सांगा. तीन मिनिटं आहेत तुम्हाला," शाळा मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याच टेबलाशी बसलेल्या वेंडल क्रॅट्झने पाण्याची बाटली उघडली. तहान त्याला मुळीच नव्हती. माईकसमोर त्याची शेजारीण उभी होती.

"लोर्ना पुलास्की, फिंच स्ट्रीट. वेंडलच्या कुंपणापलीकडे," ती म्हणाली. लोक हसले. वेंडलही हसला, आणि लगेच त्याला स्वतःचीच चीड आली.

वेंडल रंगाच्या दुकानात कामाला होता. शाळा मंडळाच्या निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, म्हणून हा निवडून आला. लोर्ना शाळेजवळच्या कोपऱ्यावर 'थांबा'ची लाल पाटी धरून मुलांना रस्ता पार करून द्यायची. वेंडलच्या दोन्ही मुलींना तिनेच हाताला धरून पलीकडे नेलं होतं. उन्हाळ्यात काटकसरीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा कुंपणावरून तिने विचारलं होतं, "काय रे, माझी उचलबांगडी करताय की काय?"

"वेडी आहेस का! मी बसलोय ना तिथे," वेंडल बोलून गेला होता.

आणि बसला होताच की. मागच्या बैठकीत किरकोळ विषयांचा गठ्ठा नेहमीसारखा एकाच मतदानाला आला. जेवणघराचे पंखे, बँडचे कपडे, आणि मधेच कुठेतरी फिंच स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची नेमणूक रद्द. एका सभासदाने नुसतं 'हा विषय वेगळा घ्या' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण वेंडलने कागद उघडूनही पाहिले नव्हते. घरी टीव्हीवर सामना सुरू व्हायचा होता. "अनुमोदन!" असं सर्वांत आधी तोच म्हणाला होता.

"भांडायला नाही आले मी," लोर्ना म्हणाली. "पोरं कुठेही बघत चालतात, तेवढं ध्यानात असू द्या. आणि हा तुमचा माल." तिने लाल पाटी टेबलावर, नेमकी वेंडलसमोर ठेवली. "दांडा जरा सैल झालाय. बसव नीट, वेंडल. दुकानात स्क्रू असतील तुझ्या."

ती जागेवर जाऊन बसली. तिचा निम्मा वेळ अजून उरला होता, आणि घड्याळ कुणी थांबवलं नाही. नागरिक बोलत असताना मंडळाने उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. वेंडलला तो नेहमी खुळचट वाटायचा. आज मात्र तो त्या नियमाच्या आड लपून बसला. 'माझं चुकलं' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? रिकाम्या माईककडे बघत तो घंटा होण्याची वाट पाहत राहिला. घंटा झाली. अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं.

बैठक संपल्यावर गाड्या फाटकाकडे निघाल्या. एक म्हातारं जोडपं रस्त्याच्या कडेला घुटमळत होतं. लोर्ना सवयीने पुढे झाली आणि तिने रिकामा पंजा उंच धरला. वेंडलने करकचून ब्रेक लावला. लाल पाटी शेजारच्या सीटवरून खाली घसरली. जोडपं सावकाश पलीकडे पोचलं. त्याने काच खाली केली.

"लोर्ना, अगं, ऐक ना..."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. कुठल्याही गाडीवाल्याला करावा तसा तिने हात हलवला.

"चला, पुढे घ्या. मागे लोक खोळंबलेत."

वेंडलने गाडी पुढे घेतली.