मी साहेबांची खुर्ची नव्हे

बसा मित्रांनो, पण माझ्यावर नका बसू. माझा मागचा पाय लंगडा झाला आहे आणि त्याखाली घातलेला पुठ्ठा सारखा सरकतो. मी सागवानी खुर्ची आहे. वयाने जुनी, पण हाडाने पक्की. त्या प्लॅस्टिकच्या नव्या पोरींसारखी नाही, कोणी जरा रेललं की पाय फाकून बसल्या.

मला फकिरा सुताराने घडवलं. सगळे सांधे खाचेत बसवले, एक खिळा मारला नाही. बायकोला म्हणाला, "ही बघ. हिच्यावर साहेब बसणार." मीही तेच डोक्यात धरून कचेरीत गेले. तिथे बघते तर साहेबांना गादीची, गोल फिरणारी खुर्ची आधीच आलेली! मला ठेवलं दाराबाहेर, भिंतीशी. आतून हाक येईपर्यंत लोकांनी बसायचं, एवढंच माझं काम.

कुसाबाई नावाची एक म्हातारी पेन्शनच्या कामाला यायची. माझ्या हातावर हात फिरवून म्हणायची, "बाई, इथं बस म्हणणारी तूच तेवढी." एवढं कौतुक मला पुढे कधी कोणी केलं नाही. साहेब बदलत गेले, कुसाबाई येतच राहिली. मग एक दिवस यायची थांबली. तिचं काम झालं म्हणून थांबली की तीच वारली, हे मला कोणी सांगितलं नाही. मी पडले दाराबाहेरची.

पुढे स्टीलचे बाक आले आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथून भंगारात. भंगारातून मला यज्ञेश्वरने उचललं. अशोकस्तंभाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर त्याची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे सकाळपासून मान खाली घालून बसतात. यज्ञेश्वरने मला खिडकीपाशी ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "साहेबांची खुर्ची आहे ही. कलेक्टर बसलेत हिच्यावर."

मला तोंड असतं तर तिथेच त्याला खोटं पाडलं असतं. पण खरं सांगते, ऐकायला बरं वाटलं.

त्यात पहिल्याच वर्षी माझ्यावर बसणारी तेजश्री पास झाली. गोणपाटावर बसली असती तरी झाली असती, अशी हुशार. पण नाव माझं झालं. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायला लागले. जाता-येता पाया पडायला लागले. अहो, पाया पडायचं तर निदान त्या पुठ्ठ्याचं तरी बघा! ते कोणी बघितलं नाही.

मग चैताली आली, सटाण्याहून. तिची आई भागीबाई व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कांदा निवडते. मामाने पोरीचं स्थळ बघून ठेवलं होतं. भागीबाईने भांडून तिला एक वर्ष मिळवून दिलं. एकच. पास झाली तर साहेबीण, नाही तर मामा म्हणेल तिथे बोहल्यावर.

पोर अगदी कोरी होती. कोणी एखाद्या पुस्तकाचं नाव घेतलं की ते घेऊन यायची आणि पिवळ्या पेनाने ओळन् ओळ रंगवायची. शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर संघर्ष नावाचा मुलगा बसायचा. त्याची बरीच वर्षं इथेच गेलेली. तो म्हणाला, "चैताली, पुस्तकाचं लग्न आहे का गं? पार हळद लावलीस."

ती हसली. पण त्याने माझी कथा सांगितली तेव्हा हसली नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधी दारात हजर.

आता अभ्यासिकेचा नियम ऐका. बाटली ठेवून गेलं तर तासभर जागा राहते. त्यानंतर बाटली खाली आणि दुसरा वर. चैताली डबासुद्धा मांडीवर ठेवून खायची. पाणी कमी प्यायची, उठावं लागेल म्हणून.

रविवारी कॉलेज रोडला सराव परीक्षा असायची. संघर्ष म्हणायचा, "चल गं. घड्याळ लावून पेपर सोडवायला शिकावं लागतं."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची काय पळून जातीय?"

"तो कोपऱ्यातला रुद्र टपूनच बसलाय, दादा. मागच्या वेळी चहाला गेले तर बाटलीला हात लावत होता."

ती गेली नाही. एकाही रविवारी गेली नाही. मी बसल्या जागी ओरडत होते, ऊठ गं बये, ऊठ! लाकडाचं कोण ऐकतं?

खऱ्या परीक्षेला जाताना माझ्या पाठीला हात लावून गेली. संध्याकाळी आली ती पांढरीफटक.

"येत होतं रे, दादा," ती म्हणाली. "सगळं येत होतं. वाचत बसले आणि घंटाच झाली. शेवटचे गोल भरायचे राहिले."

संघर्षने पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. असं होणार हे त्याला ठाऊक होतं. निकाल लागला तेव्हा तिचा नंबर नव्हता.

न्यायला भागीबाई आली. माझ्यावरच बसली. "हाईच का ती खुर्ची?"

"हो, आई."

"काय शे हिच्यामा? मन्ही पोर हिच्यावर वरीसभर बठनी. हिनी काय दिधं?"

"हिच्यात काय असणार, आई? तिचा काय दोष गं."

"मंग कोना?" भागीबाई उठली. "चाल. रविवारले पाहुणा येतीन."

पिशव्या बांधत होत्या तेवढ्यात एक नवी मुलगी आली, भाग्यश्री. हातात कोरी करकरीत पुस्तकं. "ताई, ही रिकामी झाली का? लकी आहे म्हणतात."

चैतालीने माझ्याकडे बघितलं. "हो. पण रविवारी हिच्यावरून उठायचं. टेस्टला जायचं."

"आणि कोणी घेतली तर?"

चैतालीने तोंड उघडलं, पण पिशव्या घेऊन खाली गेलेल्या आईची हाक आली आणि ती गेली.

मित्रांनो, माझा पाय कोणी बसवला नाही तरी मी काढीन दिवस. माळ नको, नमस्कार नको. पण तुमच्या घरातलं कोणी असं एका जागी चिकटून बसलं असेल, तर त्याच्या दंडाला धरून त्याला उठवा. मला हात असते तर मीच उठवलं असतं.

काल रविवार होता. भाग्यश्री माझ्यावरून उठली नाही.