कसम परेड

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जर्मनीत आमच्याकडे इंगोलश्टाटला आल्यापासून एक नसता उद्योग मांडला होता. रोज पहाटे सहाला फ्लॅटचं दार सताड उघडायचं, जिन्याकडे बघत मिनिटभर उभं राहायचं आणि मग लावून घ्यायचं. नोव्हेंबरचं गार वारं थेट माझ्या उशीपर्यंत. माझा नवरा ओजस म्हणायचा, फौजी माणूस आहे, सवय असेल. त्याला काय जातंय म्हणायला! खालच्या बाईंनी हाउसऑर्डनुंगवर, म्हणजे इमारतीच्या नियमांच्या पाटीवर, बोट ठेवून मला सुनावलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तोंडाची फटकळच. आप्पांना सरळ विचारलं, रोज कोण यायचंय तुमच्याकडे?

ते दोन दिवसांनी म्हणाले, ड्रेस्डेनच्या पलीकडे एक जुनी छावणी आहे, तिथे मला ने.

ओजसला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी मीच काढली. चार तासांचा रस्ता. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी या घरात मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते आप्पांनी गाडीत सांगितलं.

त्यांचे वडील, दत्ताजी, इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते. आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून इकडे आले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी तेव्हा इथे अशा कैद्यांचीच फौज उभी राहत होती. दत्ताजींनी इंग्रजांची शपथ मोडली आणि या छावणीच्या मैदानावर दुसरी घेतली. तीही जर्मनांच्या पुढाऱ्याच्या नावाने, हे सांगताना आप्पांनी मान खाली घातली. लढाई संपल्यावर दत्ताजींचं नाव फौजेतून कमी झालं. पुढे देश स्वतंत्र झाला आणि इंग्रजांचीच फौज, टोपीवरचा बिल्ला बदलून, देशाची झाली. इंग्रजांशी इमान राखलेले आत राहिले, देशापायी ते मोडलेले बाहेर. हा कुठला न्याय, मी म्हटलं.

सदुसष्ट साली आप्पा त्याच फौजेत भरती झाले. वडिलांचं प्रकरण निघालं तर आपल्याला घेणार नाहीत, या भीतीने त्यांनी फॉर्मवर लिहिलं, वडील मयत. प्रशिक्षण संपलं की जवान शपथ घेतात, ती कसम परेड. ती बघायला सगळ्यांचे आईबाप येतात. दत्ताजी कुणी न बोलावता बेळगावला गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने यादी पाहिली आणि म्हणाला, या जवानाचे वडील तर वारलेत. दत्ताजींनी हुज्जत घातली नाही. परेड संपेपर्यंत बाहेर उभे राहिले आणि गावी परतले.

"त्यानंतर माझ्या घरी आले की उंबऱ्याबाहेर थांबायचे," आप्पा म्हणाले. "मी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल नाही. एकदा मी रजेवर होतो, झोपलेलो. सहाला दार उघडलं, तर रात्रीच कधीतरी येऊन ओट्यावर बसलेले. अंग गार पडलं होतं."

मेलं माझं तोंड, काय बोलून बसले होते मी त्यांना.

छावणीला कुंपण होतं. फाटकावर पाटी होती, आत न फुटलेले जुने बॉम्ब आहेत, जिवाला धोका. परवानगी कुठे मिळते बघू म्हणून मी मोबाइल काढला. आप्पांनी हातानेच नको म्हटलं. खिशातली पदकं काढून कोटावर लावली आणि ते फाटकाबाहेर सावधान उभे राहिले. आत मैदानाचं रान झालं होतं आणि धुकं उतरलं होतं. पाऊण तास गेला, माझी बोटं बधिर झाली. मग झाडांमधून बुटांचा आवाज आला. एकाच माणसाचा, मोजून टाकलेल्या पावलांचा. रानडुक्कर असेल, मी स्वतःला सांगितलं. आवाज फाटकाच्या पलीकडे येऊन थांबला. तिथे कुणी नव्हतं.

"मी आत येऊ का?" आप्पांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. मग ते गाडीत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं नाही, आणि त्यानेच मला जाग आली. आप्पांचं अंथरूण रिकामं होतं. मी धावत जाऊन दार उघडलं. आप्पा बाहेर जिन्यात उभे होते, अंगात कोट, कोटावर पदकं, पाय अनवाणी.

"अहो आप्पा, आत या ना."

ते हलले नाहीत. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणाले, "आधी त्यांना बोलव."

मला रडू फुटलं. डोक्यावर पदर घ्यायला हात गेला, तर अंगात नाइटसूट. तशीच बाजूला सरले.

"या, आजोबा," मी म्हटलं.

आप्पा क्षणभर थांबले, कुणाला तरी वाट देऊन, आणि मग आत आले.