चाळीस पावलांचं वायफाय

बाळ सात महिन्यांचं झालं आणि तिने पुन्हा कामाला हात घातला. काम दातांच्या कवळ्या बनवण्याचं. खोली मात्र अंगणापलीकडच्या इमारतीत, कारण प्लास्टरची धूळ तान्ह्याच्या नाकात जायला नको. घरी सासरे होते, पण त्यांच्या कानांनी कधीच राजीनामा दिलेला. पाळण्यावर कॅमेरा टांगून पाहिला, तर घरचं वायफाय अंगणातच मान टाकायचं.

मग वायरवाल्या मावशी आल्या. साठीच्या, पण शिडीवर सरसर चढणाऱ्या. दोन्ही गच्च्यांवर त्यांनी वायफाय पलीकडे पोचवणारी एकेक डबी समोरासमोर बसवली. कामाच्या खोलीत फोनवर बाळ दिसलं, त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी बाळ फारच गाढ झोपलेलं दिसत होतं. तिचं लक्ष चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे गेलं. अकरा वाजून सहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा. ती धावत सुटली. बाळ रडून लालबुंद, आणि शेजारच्या खोलीत सासरे निवांत पेपर वाचत बसलेले.

ती कामाला जायची थांबली. पण घरात बसूनही त्या जोडणीवर डोळा ठेवून, ती कधी बंद पडते, कधी चालू होते, ते वहीत लिहीत राहिली. आठवड्याने तिने मावशींना पुन्हा बोलावलं.

"मला नाही जमायचं हे, मावशी. काम सोडते."

"सोडा की. आधी वही दाखवा." मावशींनी चष्मा चढवला. "रोज अकराला बंद, दोनला आपोआप चालू. रविवारी बंदच नाही? यंत्राला रविवार कळत नाही हो. अकराला घरात कोण काय करतं?"

तिने सासऱ्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"अकराला? धुणं वाळत घालतो की मी," ते म्हणाले. "रविवारी मात्र सुट्टी."

तिघं गच्चीवर गेली. डबीच्या अगदी तोंडासमोर बाळाच्या ओल्या चादरी लोंबत होत्या. मावशींनी एक चादर बाजूला केली. फोनवरचं बाळ हललं. चादर सोडली, बाळ पुन्हा थिजलं.

"ओलं कापड म्हणजे पाण्याची भिंत. वाळलं की वाट मोकळी."

"बाबा, दोरी तिकडे–" तिने सुरुवात केली, तर मावशींनी तिला थांबवलं.

"त्यांची दोरी राहू द्या. चूक माझी आहे. मी बसवलं तेव्हा दोरी रिकामी होती. इथे काय वाळत घालता, हे विचारायला हवं होतं."

"काय म्हणतायत?" सासऱ्यांनी विचारलं.

"धुणं फार स्वच्छ निघतं म्हणतायत तुमचं."

सासरे खूश झाले. मावशींनी लोखंडी नळी रोवून डबी पुरुषभर उंच नेली, मग पलीकडे जाऊन दुसरीची मान किंचित वर केली. दोन्हीकडच्या शिड्या त्या स्वतःच चढल्या. ती खालून बघत राहिली. आपली चूक इतक्या सहज कबूल करणारं माणूस तिने फार कमी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चादरी फडफडत होत्या. सव्वाअकराला तिने साच्यात प्लास्टर ओतलं आणि फोनमधून बारीकशी कुरकुर आली. चाळीस पावलं, आणि ती पाळण्यापाशी. बाळाने नुसता ओठ काढला होता. त्याला थोपटून, निजवून ती परतली, तेव्हा साच्यातलं प्लास्टर अजून ओलंच होतं.