क्लचकाकूंच्या प्रेमकादंबऱ्या

"वहिनी, तुझ्या त्या काकू हल्ली गाडी भिंतीला टेकल्यावरच थांबवतात. लक्ष ठेव बाई जरा," असं माझी नणंद म्हणाली होती आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मी! जी द्राक्षाचे तुकडे केल्याशिवाय मुलीला देत नाही, जिने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवलाय, शेजारचा कुत्रा शिंकला तरी जी बुटकीला उचलून कडेवर घेते. बुटकी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं दोन. घरात मला सगळे धोक्याची घंटा म्हणतात. ही घंटा नेमकी तेव्हा वाजली नाही, कारण तो विषय काकूंचा होता, आणि काकूंना काही होऊ शकतं हे माझ्या यादीतच नव्हतं.

काकू आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहतात आणि बायकांना गाडी चालवायला शिकवतात. वय चौसष्ट. "क्लच! अगं क्लच दाब! क्लच म्हणजे कळतं ना, की ते पण आईला विचारून येणार?" हा आवाज सकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, म्हणून त्या क्लचकाकू. एकटेपणाबद्दल कुणी हळहळलं की म्हणतात, "माझ्या शेजारच्या सीटवर कायम कुणीतरी असतंच की. आणि ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं."

बुटकी झाल्यावर मी शिकायला गेले. तिला ताप भरला आणि नवरा घरी नसला तर, या एका कारणासाठी. पहिल्याच दिवशी काकूंनी काच पुसायला फडकं हवं म्हणून समोरचा कप्पा उघडला, आणि एक गुलाबी पुस्तक माझ्या पायावर पडलं. मुखपृष्ठावर पोहण्याचा तलाव, काठावर एक मुलगी, तिच्या हातात एकच चप्पल. पाठीमागे छापलेलं: वय तेरा ते अठरा.

"पुतणी विसरून गेली असेल," काकू म्हणाल्या.

मला ते पुस्तक पाठ होतं. तलावावर हरवलेल्या वस्तूंची खिडकी सांभाळणारी मुलगी आणि रोज येऊन तीच एक चप्पल विचारणारा मुलगा. मी आनंदाने म्हटलं, "फार गोड आहे! दुसरी चप्पल शेवटी त्याच्याच..."

"शेवट सांगितलास? उतर गाडीतून."

खरंच उतरवलं त्यांनी मला. मग काच खाली करून विचारलं, "अजून आहेत का तुझ्याकडे असली?"

तिथून आमची गट्टी. माझी एक वाईट सवय आहे, मी शेवटचं पान आधी वाचते. दोघं एकत्र येतात याची खात्री झाली की मग सुरुवात करते. काकूंना ते गुन्ह्यासारखं वाटतं. म्हणून नियम असा ठरला की वाचनालयातून पुस्तक आणायचं मी, पण आधी वाचायचं त्यांनी. त्यांचं झालं की माझ्याकडे. आणि शनिवारी शिकवणी संपली की इंजिन बंद करून गाडीतच बसून गप्पा. वाचनालयातली बाई मला पहिल्यांदा कौतुकाने म्हणाली, "मुलीसाठी नेताय वाटतं?" मी हो म्हटलं. मुलगी त्या वेळी पुस्तकं चावत होती.

नवरा चिडवायचा, "रसायनशास्त्रात पदवी घेतलीस ती ह्याच्यासाठी? सोळा वर्षांची पोरं एकमेकांकडे बघतात, यात समजण्यासारखं काय आहे?"

समजण्यासारखं काही नाही, हेच तर सुख. दिवसभर माझ्या डोक्यात उघड्या खिडक्या, प्लगची भोकं, गिळलेली बटणं. या पुस्तकांत सगळ्यात मोठं संकट कुठलं, तर त्याने मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. मी त्या संकटाला मनापासून घाबरते. तेवढा वेळ बाकीच्या भीतीला सुट्टी.

काकूंचं कारण वेगळं. "सोळाव्या वर्षी मी वडिलांच्या ट्रकची चाकं बदलत होते," त्या म्हणाल्या. "कुणी बघितलंही असेल माझ्याकडे. मला काय माहीत? मी खाली वाकून जॅक फिरवत होते. आता जरा मान वर करून बघते, एवढंच."

आणि वाचायच्या कशा, तर भांडत. एका नायकाने बिनागिअरच्या गाडीत गिअर बदलला म्हणून त्यांनी प्रकाशकाला फोन लावला होता. "पोरगी त्याच्या शेजारी बसलीये, तिचा जीव धोक्यात आहे, आणि तुम्ही असलं छापता?" एका पुस्तकाचं पान दुमडलेलं निघालं तर वाचनालयातल्या बाईला पंधरा मिनिटं झापलं.

मग केव्हातरी त्या भांडेनाशा झाल्या. केव्हा, ते मला नक्की सांगता येणार नाही. शनिवारी म्हणायच्या, "छान होतं गं. आधी तू सांग, तुला तो पोरगा कसा वाटला?" की मी सुरू. तो कसा, ती कशी, तिची मैत्रीण काय बोलली, बस चुकली तेव्हा काय झालं. काकू मान मागे टेकून, डोळे मिटून ऐकायच्या. मधूनच म्हणायच्या, "आणि मग भांडण झालं ना त्यांचं?" व्हायचंच. दोन तृतीयांश पुस्तक संपलं की सगळीकडे होतं. मला काय बरं वाटायचं! माझं इतकं बोलणं घरात कुणी ऐकून घेत नाही. बुटकीसुद्धा उठून जाते.

ते लिफ्टचं पुस्तक आलं तेव्हा कळलं. ते मोठ्यांचं होतं. नवव्या मजल्यावर राहणारी बाई, भाषांतराची कामं करणारी, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस; एवढं मी पुस्तक देताना पाठीमागचं वाचून सांगितलं होतं. काकूंनी परत देताना छातीवर हात ठेवला. "लिफ्ट अडकते तो प्रसंग! रडू आलं मला."

मी दुपारी बुटकीला पायांवर झोपवून वाचत होते. लिफ्ट अडकली. दिवे गेले. त्याचा आवाज आला, "घाबरू नका, मी आहे इथेच." मी श्वास रोखून पान उलटलं.

'पंपाच्या तळाशी साचलेला गाळ आठवड्यातून एकदा काढावा.'

पुढचं पान पंपाचं. त्याच्या पुढचंही. छापखान्यात कुठल्यातरी पाण्याच्या पंपाच्या पुस्तिकेची सोळा पानं गोष्टीच्या पानांऐवजी आत शिवली गेली होती. पंप संपला तेव्हा ती दोघं गच्चीवर बसून एकाच शालीत चहा पीत होती. मी इतकी हसले की बुटकी उठून माझ्याबरोबर हसायला लागली. आणि मग माझं हसू थांबलं.

दुमडलेल्या पानासाठी पंधरा मिनिटं भांडणाऱ्या काकू. या पंपावर त्यांनी सगळी इमारत गोळा केली असती. त्यांना म्हणे रडू आलं.

म्हणजे त्यांनी वाचलंच नव्हतं.

आधी मी रुसले, खोटं कशाला बोलू. वाटलं, कंटाळल्या आपल्याला. तोंडदेखलं छान छान म्हणतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले ती जरा फुगूनच. त्या चहा ओतत होत्या. कपाच्या आत कडेला बोट धरून. चहा बोटाला लागला तेव्हा थांबल्या. मी चहा प्यायले. पुढच्या गाड्यांचे नंबर त्या हल्ली आम्हालाच वाचायला लावायच्या, "लक्ष आहे का बघते" म्हणून. दुकानांच्या पाट्याही. आणि नणंद म्हणाली होती ती भिंत. सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं, आणि माझी घंटा अशी वाजायला लागली की विचारू नका.

शनिवारी विचारायचं ठरवलं. बुटकीला नणंदेकडे सोडलं. गाडीत बसले, आरसा नीट केला. शिकवायच्या गाडीत काकूंच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि आजवर माझ्याआधी नेहमी त्यांचाच लागला होता.

"गल्ली मोकळी आहे. डावीकडे घे," काकू म्हणाल्या.

मी घेतली. वळणावरच एका दुकानाची पाटी रंगवायचं काम चाललं होतं. शिडी अर्ध्या गल्लीत, शिडीवर रंगारी. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

"अगं, मध्येच काय उभी राहिलीस? मागचा शिव्या घालेल."

"काकू, समोर शिडी आहे."

त्या पुढे वाकून काचेतून बघायला लागल्या.

"शिडीवर माणूस आहे."

वरून रंगारी म्हणाला, "ताई, मी उतरू का? की तुम्हीच पाडताय?"

मी गाडी मागे घेतली, कशीबशी बाजूला लावली. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"काकू, पंपाचा गाळ किती दिवसांनी काढायचा?"

"कसला पंप?"

मी सांगितलं. सोळा पानं, गाळ, सगळं. त्या आधी हसल्या, "छापखान्याच्या नानाची टांग," म्हणाल्या, आणि मग त्यांनी डोळे चोळले.

"तेल लागलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं गं. आधी अक्षरं गेली. मग पाट्या."

"मग पुस्तकं कशाला घेत राहिलात?"

"नाही घेतलं तर तू आधी वाचणार. मग शनिवारी कशाला येशील? लायसन्स तर तुला कधीच मिळालं असतं, तूच रेंगाळतेस. मला काय, एवढं कळतं की दोन तृतीयांशाला भांडण होतं. बाकीचं तू सांगतेस. पुस्तकात नसेल इतकं चांगलं सांगतेस."

मला रडू यायला लागलं होतं, पण शिडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. "डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"ते लिहून देणार, गाडी बंद. आणि डोळ्यात सुई घालणार. माझ्या बहिणीलाही साधंच ऑपरेशन म्हणाले होते." त्यांनी समोरच्या काचेवर उगाच हात फिरवला. "गाडी गेली की मी कोण सांग? तळमजल्यावरची म्हातारी."

"मला आज शिडी दिसली. माझ्या जागी तुमच्याकडे शिकायला येणारी ती कॉलेजातली नवी मुलगी असती तर? ती तर डोळे मिटून गिअर टाकते."

"माझा पाय होता की ब्रेकवर."

"होता. दाबला नव्हता."

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मला वाटलं, आता या मला पुन्हा गाडीतून उतरवणार. आणि या खेपेला काच खाली करणार नाहीत.

"किल्ली मागतेस?"

"नाही. डॉक्टरची तारीख मागते."

"आणि त्या लिफ्टवाल्याचं काय झालं?"

"शेवट सांगू?"

"थोबाड फोडीन."

सोमवारी आम्ही डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनने दिसेल, डॉक्टर म्हणाले, आधी एक डोळा, मग दुसरा. आणि दोन्ही तपासून आपण सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. काकूंनी शिकवण्या बंद केल्या. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत मी रोज दुपारी उभ्या गाडीत त्यांना लिफ्टचं पुस्तक पहिल्यापासून वाचून दाखवलं. मागच्या सीटवर बुटकी पट्ट्यात बांधलेली, पाव चघळत. पंप आला तेव्हा काकू म्हणाल्या, "गाळू नकोस, ते पण वाच." मग मी पंपही त्याच आवाजात वाचला.

"'गाळ काढण्यापूर्वी मोटर बंद असल्याची खात्री करावी,'" काकूंनी माझ्यामागून म्हटलं. "बघ, किती काळजी आहे त्याला. ह्याच्याशी लग्न करायला हवं होतं तिने."

हरवलेली सोळा पानं आम्ही आपली आपणच रचली. माझ्या पानांत तो नऊ मजले धावत चढला. काकूंना ते पसंत पडलं नाही. "धावून काय दिवे लावणार? त्याने तिला शांतपणे सांगायचं, लिफ्टचा ब्रेक आपोआप लागतो, तुम्ही पडणार नाही. बाईमाणसाला एवढं खरं कुणी सांगितलं की पुरे."

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून पहिलं वाक्य टाकलं, "किती वाळलीस! मला वाटायचं, मलाच बारीक दिसतेस." दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

आणि आता बुटकीला कांजिण्या झाल्यात. तिला सोडून मला हलता येत नाही, आणि तिच्याजवळून उठून काकूंच्या ताज्या डोळ्यापाशी जाणं बरं नाही. नणंद कामासाठी बाहेरगावी. फोन केला की काकू म्हणतात, "सगळं छान आहे गं." हे 'छान' मी ओळखते. मी वरच्या खिडकीतून बघते तर त्यांची गाडी कव्हराखाली आहे, पण काल कव्हराचा फाटका कोपरा भिंतीकडे होता आणि आज फाटकाकडे आहे. नवरा म्हणतो, वाऱ्याने फिरलं असेल. वारा कव्हर काढतो, फिरवतो आणि परत नीट घालतो का? एक डोळा स्वच्छ झालाय, शेजारची सीट रिकामी आहे, आणि त्या काकू आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कधी त्यांच्याकडे गाडी शिकला असाल, "क्लच!" ऐकून दचकला असाल, तर आज एक चक्कर माराल का तिकडे? एखादी प्रेमकथा बरोबर न्या, म्हणजे आल्याचं कारण होईल. शेवट तेवढा सांगू नका. आणि बेल वाजवण्याआधी, कुणी बघत नाहीसं पाहून, कव्हराखाली हात घालून बॉनेट गरम आहे का ते बघा.