खिडकीत खोचलेला सूपचा चमचा

मित्रांनो, मी सूपचा चमचा आहे. वयाने जुना, तोंडाने गोल आणि दांडीवर द्राक्षाचे पान कोरलेला. यातला 'गोल' हा शब्द तेवढा नीट लक्षात ठेवा, कारण माझा सारा मान त्या गोलाईत आहे. पुडिंगचा चमचा लांबट असतो, तो टोकाकडून सरळ तोंडात घालतात. चहाचा चमचा बिचारा नुसता ढवळण्यापुरता. मी मात्र तोंडात जात नाही. दाट सूप माझ्यात भरायचे ते स्वतःपासून दूर ढकलत, आणि मग माझ्या बाजूच्या कडेला ओठ लावून आवाज न करता प्यायचे. मला सगळाच्या सगळा तोंडात कोंबणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यांचे गाल फुगतात आणि अपमान माझा होतो.

माझा जन्म शेफील्डचा. तिथे मला साच्यात ठोकले, घासले, चांदीचा मुलामा चढवला आणि माझ्यासारख्याच पाच भावांबरोबर निळ्या मखमलीच्या पेटीत निजवले. बोटीच्या पोटात बसून आम्ही होबार्टला आलो. डल्सी पायबसच्या लग्नात तिच्या आयव्हीमावशीने ती पेटी तिच्या हातात ठेवली आणि बजावले, "सांभाळून वापर गं. चांगले आहेत."

तो 'चांगले' शब्द आम्हाला भोवला. तिच्या गावी, पेनीरॉयल क्रीकच्या सफरचंदांच्या बागांमध्ये, रोज संध्याकाळी सूप उकळते. डल्सीच्या घरीही उकळे. पण ते प्यायला पुडिंगचे चमचे निघत. आम्ही पाहुण्यांसाठी! आणि त्या कोपऱ्यात पाहुणा येणार कुठला? महिन्यातून एकदा डल्सी आम्हाला काढी, घासूनपुसून चकचकीत करी आणि परत झोपवी. तिचा नवरा मर्व्ह पायबस चेष्टेने म्हणे, "डल्स, राणीसाहेब येणार असतील तर आधी सांग हं. मी अंघोळ करून बसतो." अंधाऱ्या पेटीत पडल्या पडल्या आम्ही बाहेरचे हसणे ऐकत असू. भूक नसलेल्या वस्तूलाही वाटते हो, की आपल्याला ताटावर बोलवावे.

त्या हसण्यात एक आवाज शेजारच्या बागेतल्या नोला डिरीनचा असे. नोला आणि डल्सी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर गुरुवारी नोला मागच्या दाराने यायची, हाताला लागेल तो चमचा घ्यायची आणि फुर्र फुर्र करत सूप प्यायची. डल्सी कपाळाला हात लावी. "अगं, जरा हळू! कुंपणापलीकडच्या गाई बुजतील." नोला म्हणे, "तोंड एकच आहे गं माझं. त्याला चमचा गोल की लांब काय कळतंय?" मला ती बाई रीतभातीच्या दृष्टीने अगदीच गचाळ वाटायची. पण गुरुवारी ती आली नाही, की ते घर मुके होई. हे मला आतूनही कळत असे.

मग ती संध्याकाळ आली. गावच्या हॉलचे छप्पर गळत होते, म्हणून दुरुस्तीचे पैसे जमवायला गावाने हॉलमध्ये सूपचे जेवण ठेवले. तिकडे रीत अशी, की प्रत्येक बाई घरून आपले पातेले आणि आपलेच चमचे आणते. परत नेताना घोळ नको म्हणून जी ती आपल्या चमच्यांच्या दांडीला नखांना लावायच्या रंगाचा ठिपका लावते. लाल ठिपका अमकीचा, गुलाबी ठिपका तमकीचा. त्या दिवशी नवे डॉक्टर सपत्नीक येणार होते. डल्सीने आम्हा सहाही जणांना बाहेर काढले. "डॉक्टरांच्या बायकोनं भोपळ्याचं सूप पुडिंगच्या चमच्यानं प्यायचं? शोभतं का?" नोला म्हणाली, "मग ठिपका तरी लाव." त्यावर डल्सी केवढी उखडली! "चांदीवर नखांचा रंग? त्यापेक्षा माझ्या कपाळावर लाव!"

जेवण झकास झाले. डॉक्टरीणबाईंनी मला अगदी रीतीप्रमाणे धरले, कडेने घोट घेतला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची घटका. जेवणानंतर नोला भांडी घासायला उभी राहिली आणि डल्सी पुसायला. मला विसळताना नोला हसून म्हणाली, "यातला एक मी ढापणार आहे हं. तुझ्या घरी तर मला कधी मिळायचा नाही." डल्सीही हसली. स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती, तिला घाम फुटला होता. नोला खोकत होती आणि खिडकी उघडू नको म्हणत होती, तरी डल्सीने सिंकवरची खिडकी वर सरकवली. खिडकीला वर धरून ठेवणारी दोरी तुटलेली. ती धाडकन खाली येऊ लागली. डल्सीच्या हातात त्या क्षणी मी होतो. तिने माझी दांडी खिडकी आणि चौकट यांच्या फटीत खचकन खोचली. तेवढ्यात बाहेरून डॉक्टरांची गाडी निघाल्याची हाक आली आणि ती निरोप द्यायला धावली. नोलाचे डोके तेव्हा पातेल्यात होते. तिने काही पाहिले नाही.

घरी पेटी उघडली तेव्हा आत पाच.

डल्सीने हॉलचे सगळे कप्पे पालथे घातले. उरलेसुरले अन्न डुकरांना जाते, म्हणून बिचारा मर्व्ह डुकरांच्या द्रोणीत कोपरापर्यंत हात घालून बसला. मी मात्र तिच्या नाकासमोर, सिंकवरच्या खिडकीत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण खोचताना तिचे लक्ष घामाकडे आणि डॉक्टरांकडे होते. हाताने काय केले ते मनाला ठाऊकच नव्हते. मनाला आठवले ते वेगळेच. नोलाचे शब्द आठवले. यातला एक मी ढापणार आहे हं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

तुम्ही विचाराल, खिडकीत अडकलेल्या तुला पुढचे कसे कळले? मित्रांनो, भांड्यांच्या सिंकशी उभी राहिलेली बाई काहीही पोटात ठेवत नाही. सगळे मी तिथेच ऐकले. डल्सी नोलाला तोंडाने एक शब्द बोलली नाही. पुढच्या गुरुवारी ती नोलाकडे गेली आणि नोलाची पाठ फिरताच तिने तिचा चमच्यांचा कप्पा उघडला. नोला वळली. "काय शोधतेस गं?" "चहाचा चमचा." "तो तर तुझ्या बशीत आहे." बस, इतकेच. त्यानंतर ना नोला मागच्या दाराने आली, ना डल्सीने बोलावले. भांडण झाले असते तर मिटले तरी असते.

पावसाने खिडकी फुगली आणि बोटभर उघडी ती तशीच घट्ट बसली. मग एथल नावाचा रंगारी आला. त्याने चौकट रंगवली, भिंत रंगवली आणि त्याच झपाट्यात मलाही रंगवले, फिक्या पिवळ्या तेलरंगाने. माझी चांदी झाकली गेली, द्राक्षाचे पान बुजले. लोकांना मी खिडकीची मूठ वाटू लागलो. माझ्यावर भांडी पुसायची ओली फडकी लटकू लागली. एखाद्या रविवारी डल्सी यायची, माझ्यावर फडके टाकून जायची. दुसऱ्या रविवारी नोला यायची, तेच फडके काढून घ्यायची. दोघींचे हात मला लागत होते. ओरडून सांगावेसे वाटे, अगं बायांनो, मी इथे आहे! पण चमच्याला तोंड असते ते फक्त सूपसाठी. हॉलमध्ये जेवण असले की एक या टोकाला बसे, दुसरी त्या टोकाला. पेटीत मी एकटा नव्हतो, भाऊ होते. खिडकीतला एकटेपणा फार वाईट, कारण तिथून सगळे दिसत होते.

वर्षे गेली. मर्व्ह गेला. त्याच्या अंत्ययात्रेनंतरचा चहा हॉलमध्येच झाला. नोला ढीगभर कपबशा घासत उभी राहिली. डल्सी दाराशी आली, तिच्या पाठीकडे पाहत थोडी थांबली आणि परत फिरली. त्या दिवशी मला खूप रडावेसे वाटले.

शेवटी हॉलला नव्या खिडक्या बसवायचे ठरले. भांडी आवरायला नोला आली, पांढऱ्या केसांची, वाकलेली. फडके काढताना मूठ हलली म्हणून तिने ओढली आणि मी तिच्या हातात आलो. रंगाचा पोपडा निघाला, खाली चांदी चमकली. तिने नखाने खरवडले. द्राक्षाचे पान दिसताच तिने हाक मारली.

"एथल! हा चमचा तू रंगवलास?"

एथल आता म्हातारा झाला होता, पण खिडक्या काढायला आलाच होता. "मी बघत बसत नाही, बाई. भिंतीला चिकटलेलं दिसलं की रंगवतो. मांजर बसलं असतं तर तेही पिवळं झालं असतं."

"डल्सीचा आहे हा."

"मग देऊन टाक नेऊन."

"नेला की म्हणेल, बघा, चोरी पचली नाही हिला! इतकी वर्षं मी मान वर करून चालले ती कशाच्या जोरावर?"

"बरं, मी देतो नेऊन." एथल खिडकीपाशी वाकला. "पण खोचला कुणी असेल गं इथे?"

नोलाने खिडकीकडे पाहिले. तिच्या तुटलेल्या दोरीकडे पाहिले. मग तिने मला ॲप्रनच्या खिशात टाकले. "राहू दे. मीच जाते."

डल्सीच्या घराचे मागचे दार तिने वाजवले. दार उघडले. नोलाने मला पुढे केले. "हॉलच्या खिडकीत होता. मीच खोचला असणार गं, त्या संध्याकाळी. साफ विसरले."

मी हादरलो. खोटे! शुद्ध खोटे! पण मित्रांनो, मी काय करणार?

डल्सीने मला उलटसुलट केले. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग इतका मोठेपणा आला, की मला बघवेना. "एवढंच ना? मग तेव्हाच सांगायचंस की, नोल. मी काय खाल्लं असतं तुला? ये आत. वाटाण्याचं सूप आहे."

तिने मला गरम पाण्यात सोडा घालून घासले. रंग बराच निघाला, मुलामाही निघाला. मग तिने पेटीतला एक भाऊ काढून माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. तो नव्यासारखा चकाकत होता, त्याला माझी ओळख पटली नसावी. मला तिने नोलापुढे ठेवले. नोलाने फुर्र केले. डल्सीने तिला आणखी वाढले. मग नोलाला वाफेने ठसका लागला, म्हणून डल्सी उठली आणि तिने स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवली. तीही खाली घसरू लागली. एका हाताने खिडकी धरून डल्सीने न बघता दुसरा हात मागे टेबलाकडे नेला, हाताला लागलेला चमचा उचलला आणि त्याची दांडी फटीपाशी नेली.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

खिडकी हळूच खाली आली. डल्सी पाठमोरीच उभी राहिली. "नोला," ती म्हणाली, "त्या संध्याकाळी खिडकी मी उघडली होती."

"माहीत आहे मला."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"तुझी आठवण जागी व्हायची वाट बघत बसले असते, तर दोघीही वर पोचलो असतो." नोला उठून तिच्याजवळ आली. "एकटीनं जेवून जेवून कंटाळले गं मी. तू मला चोर समजलीस त्याचं दुःख झालं, पण गुरुवार गेले त्याचं जास्त झालं."

डल्सी तिच्या खांद्यावर डोके ठेवून लहान मुलीसारखी रडली. नोलाही रडली. सूप गार झाले आणि त्यांनी ते तसेच गार प्यायले.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण म्हाताऱ्या माणसांच्या हाती फार हिवाळे नसतात. नोला पुढचा हिवाळा पाहू शकली नाही. आता दर गुरुवारी डल्सी मला पेटीतून काढते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे मांडते. तिचे जेवण होते. मग ती मला, कोरड्यालाच, फडक्याने पुसते आणि ठेवून देते.

मित्रांनो, आम्हाला घासा, पुसा, सूपला गोल आणि पुडिंगला लांबट चमचा द्या, मला आनंदच होईल. पण आमच्यातला एखादा हरवला, तर माणसाच्या घरी जाणे थांबवू नका. मी सापडलो. त्या दोघींचे मधले गुरुवार मात्र कुठल्याच खिडकीत सापडले नाहीत. तुमचेही कुणी असे तुटले असेल, तर आज सूप चुलीवर ठेवा आणि त्याला हाक मारा. चमचा कोणता द्यायचा ते नंतर पाहता येईल.